आम्ही मोजलेली राई

रायीत पायताण घालून जायचं नाही, आत शिट्टी मारायची नाही, वाळकी काटकीसुद्धा बाहेर आणायची नाही. हे तीन नियम मला पहिल्याच आठवड्यात सांगितले गेले आणि मी ते मुकाट पाळले. चौथा नियम उशिरा कळला. तो मी हसण्यावारी नेला. त्यानंतर त्या वाडीत जे झालं, त्यातला माझा वाटा मी आजवर कुणाजवळ धड कबूल केलेला नाही.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. मी कोल्हापूरच्या पेठेत वाढलेली, तोंडाने फटकळ, डी.एड. होऊन नुकतीच नोकरीला लागलेली. नेमणूक मिळाली शाहूवाडीकडच्या डोंगरातल्या एका वाडीत. पहिली ते चौथी, दोन खोल्या, दोन शिक्षक. त्यातले हेडमास्तर आठवड्याचे निम्मे दिवस मीटिंगला आणि उरलेले दिवस मीटिंगचे कागद लिहायला, म्हणजे शाळा माझ्याच गळ्यात. जूनपासून चार महिने भिंती ओल्या, फरशी ओली, खिडक्यांना गोणपाट. पोरं ओल्या घोंगड्या पांघरून अंधारात बसायची आणि मी फळ्यावर ‘सूर्य पूर्वेला उगवतो’ लिहायची. उगवत असेलही, आम्हाला काही दिसत नव्हता.

शाळेमागे पाच मिनिटांवर देवाची राई होती. देवाच्या नावाने सोडलेलं रान, पिढ्यान्‌पिढ्या तिथे कुऱ्हाड चाललेली नव्हती. बाहेर भर दुपार असली तरी आत दिवेलागणीचा उजेड. मधोमध चार दगडांवर पत्रा टाकलेला आणि त्याखाली शेंदूर फासलेला देवाचा दगड. पहिल्यांदा आत गेले तेव्हा मला तिथून पळून यावंसं वाटलं. पाचोळ्यात काहीतरी सरपटत होतं, वर कुठेतरी फांदी कुरकुरत होती, आणि कुणीतरी आपल्याला नीट न्याहाळतंय असं सारखं वाटत होतं. पोरं मात्र घरच्या सोप्यात फिरावं तशी फिरत होती.

त्यांत गुरवाची नात होती. तिसरीत शिकायची. पहिलीला आल्यापासून वर्गात तिने तोंड उघडलेलं नव्हतं. हजेरीला हात वर करायची, पाढे पाटीवर लिहून दाखवायची, पण आवाज नाही. हेडमास्तर तिला सरळ मुकी म्हणायचे. तिला आई-वडील नव्हते, आजोबाच सगळं बघायचे. ते या रायीतल्या देवाचे पुजारी. त्यांनी मला पहिल्याच भेटीत सांगून ठेवलं होतं, की चौथीपर्यंत शाळा आहे दारात म्हणून ती जाते, पाचवीची शाळा दोन तासांच्या वाटेवर आहे आणि न बोलणाऱ्या पोरीला तिकडे एकटीला पाठवणं त्यांच्याने व्हायचं नाही.

त्या दिवशी रायीत ती माझ्या शेजारी येऊन उभी राहिली आणि म्हणाली, “बाई, तुमच्या पायाला जळू लागलीया.”

मी जी किंकाळी फोडली ती खालच्या वाडीपर्यंत गेली असणार. पोरं हसून लोळली, तीही हसली. तिने चिमटीत धरून जळू ओढून टाकली, कसलासा पाला चोळला आणि मग त्या पाल्याचं झाड दाखवलं. मग शेजारचं. हा किंजळ, हा हिरडा, ही अंजनी, ह्यो नाणा. माझ्याशी एवढं कुणी बोललं नव्हतं त्या वाडीत. रायीच्या हद्दीवर एक उभा दगड होता. तो ओलांडून बाहेर आलो आणि तिचं तोंड पुन्हा बंद झालं.

त्या दिवसापासून मला एकच ध्यास लागला. ही पोरगी चौथी संपायच्या आत वर्गात बोलली पाहिजे. बोलली की पाचवीला जाईल, नाही बोलली तर गोठ्यात. मी हेडमास्तरांना न विचारता शनिवारची सकाळची शाळा रायीत भरवायला सुरुवात केली. मला त्या वेळी कुणी हे शिकवलं नव्हतं, मी वाचलंही नव्हतं. डोळ्यांना दिसत होतं ते करत होते. शनिवारी पट भरलेला असायचा. सर्दीने डोळे चिकटलेली पोरंसुद्धा यायची. गारंबीचा मांडीएवढा वेल दोन झाडांतून खाली आला होता, त्यावर बसून पाढे म्हणायचे. गव्याच्या खुरांचे ठसे दिसले की त्यांच्या आकाराची चित्रं मातीत काढायची. रोज भांडणारी दोन पोरं एकाच बुंध्याशी कान लावून तासभर किडा ऐकत बसायची. मला मात्र त्या अंधुक उजेडाची भीती कधी गेली नाही. पोरांना मोजून आत न्यायचे आणि मोजून बाहेर काढायचे.

पुढच्या वर्षी, ती चौथीत गेल्यावर, मला झाडं मोजायची कल्पना सुचली. लांबी, घेर, यादी, तक्ता, सगळं गणित एका झटक्यात. आणि त्यात ती पुढारी होईल, कारण नावं तिलाच येत होती. बुंध्याभोवती पोरांनी हात धरून कडं करायचं. दोन पोरांचं झाड, तीन पोरांचं झाड, आणि देवामागचा एक प्रचंड नाणा होता तो सात पोरांचा. मग सुतळीने घेर घ्यायचा आणि टेपने सेंटिमीटर करायचे. बुंध्यावर चुन्याने आकडा घालायचा, म्हणजे तेच झाड दोनदा मोजलं जाणार नाही.

पहिल्या दिवशी बारा झाडं झाली असतील. गुरव पूजा आटोपून आमच्याजवळ आला. म्हातारा सहसा बोलत नसे. चुन्याच्या डब्याकडे बघत उभा राहिला आणि म्हणाला, “बाई, मोजू नगा. रायीतली झाडं आमच्यात कुणी मोजत न्हाय. मोजलं की नजर लागती.”

हाच तो चौथा नियम. मी हसले. मी त्याला सांगितलं, की आजोबा, मोजलं तर उलट कळेल किती आहेत ते, आणि एखादं कमी झालं तर लगेच समजेल. शिकलेली माणसं जसं समजावतात तसं समजावलं, म्हणजे मोठ्या आवाजात. त्याने नातीकडे बघितलं. ती पेन्सिलीने वहीत नाव लिहीत होती आणि इतर पोरांवर चक्क ओरडत होती, सुतळी ढिली धरू नका म्हणून. तिचा आवाज ऐकून तो तसाच मागे फिरला. मला वाटतं, त्या आवाजासाठीच त्याने मला पुढे अडवलं नाही.

दिवाळीनंतर सुरू केलेलं काम जानेवारीत संपलं. एकशे सोळा झाडं. अंधारात ते पांढरे आकडे लांबून दिसायचे आणि संध्याकाळी रायीजवळून जाताना मी उगाच भराभर पावलं उचलायची. मोठ्या कार्डशीटवर आम्ही तक्ता केला. आकडा, नाव, घेर, उंचीचा अंदाज, आणि खाली रायीचा नकाशा. देवापासून पायवाट, पायवाटेपासून प्रत्येक झाड किती पावलांवर. नकाशा तिने काढला होता. केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या, शैक्षणिक साहित्याच्या प्रदर्शनात तो तक्ता मांडला आणि आमचा पहिला नंबर आला. माझी छाती केवढी फुगली ते आठवलं की आजही कानशिलं तापतात.

पंधरा दिवसांनी एक पाहुणा शाळेत आला. पांढरे कपडे, गोड बोलणं, पोरांसाठी पेन्सिलींचा खोका. त्याने प्रदर्शनात तक्ता बघितला होता म्हणे. माझं आणि पोरांचं तोंडभरून कौतुक केलं, चहा घेतला आणि तक्त्याची नक्कल काढून घेऊ का असं विचारलं. मी स्वतः त्याला कागद आणि पट्टी दिली. हेडमास्तर तर त्याला सोडायला फाट्यापर्यंत गेले. तो कोण, कुठला, त्याला झाडांचं काय करायचंय, हे विचारायचं मला सुचलं नाही. तक्ता आवडलेला माणूस वाईट असेल असं माझ्या मनातच आलं नाही.

त्यानंतरच्या शनिवारी रायीत गेलो तर पोरं पुढे पळाली आणि आरडाओरडा करत परत आली. काही आकड्यांखाली लाल खडूच्या रेघा होत्या. पोरांचे चेहरे फुललेले. वहीत बरोबर उत्तराखाली मी लाल पेनने रेघ मारायची ना, तशीच रेघ. गुरवाच्या नातीने विचारलं, “बाई, तुमी तपासलासा व्हय?”

मी नाही म्हणाले. कुणी तपासलं ते मला माहीत नव्हतं. फिरून बघितलं तर रेघा फक्त मोठ्या झाडांखाली होत्या, तीन पोरांच्या आणि त्याहून जाड. देवामागच्या नाण्याखाली दोन रेघा होत्या. त्या दिवशी राई फार गप्प होती. एरवी शेकरू तरी फांदीवरून खेकसायचं, तेही नव्हतं. मला काय ते कळायला हवं होतं. मी पोरांना म्हणाले, की सरकारी माणसं असतील, आणि धडा पुढे सुरू केला.

मग वाडीत देवळाची बोलणी सुरू झाली. देव पत्र्याखाली राहतो आणि माणसं कौलारू घरात, हे बरं दिसत नाही असं एकाएकी सगळ्यांना वाटू लागलं. पांढऱ्या कपड्यांतला पाहुणा पुन्हा आला, या वेळी बैठकीला. तो स्लॅबचं देऊळ बांधून देणार होता, रंग आणि फरशीसकट, आणि त्याबदल्यात रायीतली थोडी जुनी झाडं नेणार होता. कागदपत्रं त्याची तो बघणार होता. तरी वाडी बिचकत होती. देवाचं रान आहे, देवाला विचारल्याशिवाय नाही, असं ठरलं आणि कौल लावायचा दिवस धरला.

मी कौल तोवर बघितला नव्हता. फुलाच्या ओल्या पाकळ्या देवाच्या दगडाला दोन्ही अंगांनी चिकटवतात, प्रश्न विचारतात आणि वाट बघतात. उजवीकडची आधी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. सकाळची वेळ होती. सगळी वाडी झाडांमधून उभी, बायका मागे, मी बायकांत. गुरवाने पाकळ्या लावल्या, हात जोडले आणि मोठ्याने विचारलं, की देवा, तुला पक्कं घर बांधावं अशी तुझी मर्जी हाय का.

बस, एवढंच. झाडांचं कुणी काही विचारलं नाही. मी आजूबाजूला बघितलं. सगळ्यांचे डोळे दगडाकडे. मला ओरडून सांगावंसं वाटलं की प्रश्न चुकला, पेपरच चुकीचा काढलाय तुम्ही. पण मी परगावची, त्यातून बाई, त्यातून नोकरीला नवी. मी गप्प बसले. उजवी पाकळी पडली. लोकांनी सुटकेचा श्वास सोडला.

नंतर मी गुरवाला गाठलं. झाडांचं का नाही विचारलंत, असं विचारलं. तो माझ्याकडे न बघता म्हणाला, “पंचांनी जे इचाराय सांगितलं त्येच इचारलं, बाई.”

मार्चमध्ये मला सात दिवसांच्या प्रशिक्षणाला तालुक्याला बोलावलं. विषय होता, मुलांना आनंदाने कसं शिकवावं. निघण्याआधी मी हेडमास्तरांना म्हणाले, की मी येईपर्यंत काही होऊ देऊ नका. ते म्हणाले, की परवानगी यायला अजून महिना लागेल. चौथ्या दिवशी वळीव आला. गारा पडल्या, तालुक्याच्या गावात वीज गेली. खिडकीशी उभी राहून मला बरं वाटलं, की पावसाने चुना धुऊन निघाला असेल, लाल खडूही गेला असेल, आता त्यांना काही सापडायचं नाही. इतकी मी मूर्ख होते.

आठव्या दिवशी एसटीतून उतरले आणि चढ चढून वर आले तेव्हा शाळेमागे जिथे कायम काळोख दिसायचा तिथे आभाळ दिसत होतं. वाटेवर ट्रकच्या चाकांनी चिखलाच्या चऱ्या पडल्या होत्या आणि ओल्या लाकडाचा वास शाळेच्या खोलीपर्यंत आला होता. मी राई बघायला गेले नाही. माझे पाय तिकडे वळेनात. मी वर्ग उघडला आणि पोरांना आत घेतलं.

पोरं खुशीत होती. सगळी एकदम सांगायला लागली, मी दटावून गप्प केली. आणि मग तिने हात वर केला. गुरवाच्या नातीने. हजेरीला करते तसा हात. पण या वेळी ती उठून उभी राहिली आणि बोलायला लागली. वर्गात, चार भिंतींच्या आत, सगळ्यांसमोर, खणखणीत.

ती सांगत होती, की पावणं आले, करवतवाली माणसं आली, पण आकडे पुसून गेलते. नकाशा होता पण त्यांना कळंना. आणि परका माणूस रायीत आपला आपण शिरत नाही, गावचं कुणीतरी पुढं चालावं लागतं. वाडीतला एकही बाप्या पुढं व्हायला तयार होईना, सगळे म्हणाले आमच्यावर दोष नको. आजोबा तर अंगावर घोंगडं ओढून निजून राहिला. मग कुणीतरी म्हणालं, की लेकराला दोष लागत नाही, आणि गुरवाच्या घरचं लेकरू असलं तर देवाचीपण ना नसणार.

“मंग मी म्होरं झालो,” ती म्हणाली. “एक नंबरपासनं दावली समदी. हे किंजळ, तीन पोरांचं. ह्यो हिरडा. कुठल्याचा घेर किती, त्येबी सांगितलं, कागद न बघता. पावणं म्हणालं, लई हुशार हाय. एकबी चुकलं न्हाय, बाई.”

पोरांनी टाळ्या वाजवल्या. ती माझ्याकडे बघत उभी राहिली. तिला माझ्याकडून एक शाब्बास हवी होती, दोन वर्षं मी तिला तेच तर कबूल केलं होतं, की तू वर्गात बोललीस की तुला सगळ्यांत मोठी शाब्बास देईन. मला तिला जवळ घ्यायचं होतं. पण माझ्या डोळ्यांसमोर तो सात पोरांचा नाणा होता आणि त्याच्यापुढे चालणारी ही एवढीशी पोर, मागे करवती घेतलेले गडी. माझ्या तोंडून आवाज फुटला तो कसला ते मला तेव्हा कळलं नाही.

“खाली बस,” मी म्हणाले.

ती बसली. टाळ्या थांबल्या. तिने एकदा माझ्या तोंडाकडे नीट बघितलं, मग खिडकीतून मागच्या आभाळाकडे बघितलं, आणि मला दिसलं की तिला आत्ता, या क्षणी कळतंय. दुसऱ्या दिवशी मी तिला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. चूक तुझी नाही, माझी आहे, मोजायला मी लावलं, कागद मी दिला. ती मान हलवत ऐकत राहिली. त्या दिवसापासून ती पुन्हा हजेरीला नुसता हात वर करू लागली. वार्षिक परीक्षेत तिचा एकही शब्द चुकला नाही, तोंडी परीक्षा मात्र कोरी गेली.

जूनमध्ये तिचा शाळा सोडल्याचा दाखला आणि पाचवीच्या प्रवेशाचा अर्ज घेऊन मी गुरवाच्या घरी गेले. नव्या देवळाचा स्लॅब टाकून झाला होता आणि ऊन थेट त्याच्या अंगणात येत होतं. ती गोठ्यात शेण भरत होती, माझी चाहूल लागली तरी बाहेर आली नाही. गुरवाने मला पाणी दिलं आणि अर्जाकडे बघितलंही नाही. पोरगी बोलत नाही, एवढ्या लांब रानातनं एकटीला कशी पाठवू, असं शांतपणे म्हणाला.

मी म्हणाले, “आजोबा, ती बोलते. मार्चमध्ये वर्गात उभी राहून बोलली, सगळ्यांसमोर. मी माझ्या कानांनी ऐकलंय.”

म्हाताऱ्याने पहिल्यांदा मान वर केली. त्याच्या डोळ्यांत असं काही आलं की मला बघवेना.

“व्हय?” तो म्हणाला. “काय बोलली?”

मी अर्जाची घडी घातली, पर्समध्ये ठेवली आणि घंटा व्हायच्या आत शाळेत परत आले.